परवा या

चष्मेवाल्यांच्या दुकानाचं शटर सुट्टीच्या दिवशी अर्ध्यावर दिसलं की गल्लीतले लोक एकमेकांकडे बघून हसायचे. पूर्ण वर म्हणजे धंदा, पूर्ण खाली म्हणजे विश्रांती, आणि अर्धं म्हणजे घराण्याची बैठक. शेजारचा शिंपी तर अशा दिवशी मुद्दाम खुर्ची दाराशी ओढून काजं करत बसायचा. चष्मेवाल्यांचे वडील, अण्णा, गेल्यापासून त्याला ही करमणूक वरचेवर मिळत होती.

वर राहत्या घरात बसायला जागा नव्हती असं नाही. चांगला कोच होता, पंखा होता. पण या घरातल्या माणसांना गंभीर काही बोलायचं झालं की ती जिना उतरून खाली यायची आणि डोळे तपासायच्या खोलीत दाटीवाटीनं बसायची. ही सवय अण्णांनी लावलेली. ज्याच्याबद्दल बोलायचं त्यानं तपासणीच्या उंच खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी मिळेल त्या स्टुलावर. थोरली, म्हणजे चष्मेवाल्यांची बायको, लग्न होऊन आली तेव्हा तिलाही त्याच खुर्चीत बसवून विचारलं होतं, मागच्या कारखान्यात काचा घासायचं काम करशील ना म्हणून. समोर अक्षरांचा तक्ता, डोळ्यांवर दिवा आणि सासरची सगळी माणसं अंधारात. ती 'हो' म्हणाली होती. दुसरं काही म्हणता येतं हे तिला तेव्हा सुचलंच नव्हतं.

आज त्या खुर्चीत तिची मुलगी बसली होती. बाहेर तिला डॉक्टर म्हणत, तिचे निबंध कुठं कुठं छापून येत, पण घरात ती ठकूच होती.

"तर ही जी नोकरी आहे," वन्संनी सुरुवात केली. वन्सं म्हणजे चष्मेवाल्यांच्या मोठ्या बहीण, शाळेच्या हेडबाई. निवृत्त झाल्या होत्या, पण ते शाळेच्या लेखी.

"नोकरी नाही, आत्या. पोस्टडॉक. पीएचडीनंतरची संशोधनाची नेमणूक असते."

"किती वर्षांची?"

"दोन."

"आणि मग?"

"मग बघायचं. कदाचित आणखी एक."

"आणखी एक काय?"

"पोस्टडॉक."

वन्संनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे एक करून आलीस, आता हे दुसरं, आणि त्यानंतर तिसरं. अगं, पहिलीत तीन तीनदा बसलेली मुलं मी वर ढकलली आहेत. तुला कुणी वर ढकलत नाही का?"

"ताई, तिला बोलू दे की," भाऊजी म्हणाले. भाऊजींनी कुणाला बोलू दिल्याचं थोरलीच्या बघण्यात नव्हतं. ते चष्मेवाल्यांचे धाकटे भाऊ. अण्णांच्या माघारी वेगळे झाले आणि मुख्य रस्त्यावर त्यांनी आरशांची भिंत असलेलं शोरूम थाटलं. वाटणीच्या वेळी वन्संशी त्यांचं जे वाजलं, ते अजून मिटलं नव्हतं. आज दोघं एका खोलीत बसली होती ती केवळ दादाच्या हातामुळे.

चष्मेवाल्यांचा उजवा हात हल्ली थरथरत होता. किराणा दुकानदार असता तर वेगळं, पण चष्म्याच्या दांडीतला तो इवलासा स्क्रू बसवणारा हात थरथरला की दुकान थरथरतं. 'दगदग कमी करा' असं सांगण्यात आलं होतं. दगदग कमी करायची तर दुकान कुणी बघायचं, हा प्रश्न होता, आणि उत्तर आयतं घरात चालून आलेलं होतं. ठकूचं पहिलं पोस्टडॉक संपून ती 'थोडे दिवस' म्हणून परत आली होती. थोडे दिवस आता लांबले होते. ती गणितं करायची आणि मधल्या वेळात आईला काचा पुसून द्यायची. तिचा विषय काय तर प्रकाश. मग प्रकाशाची डॉक्टर चष्म्याच्या दुकानात नाही बसणार तर कुठं बसणार, असं घराण्याचं साधं गणित होतं.

थोरली कारखान्याच्या दाराशी स्टुलावर बसली होती. हात रिकामे ठेवून बसायची तिला सवय नव्हती, म्हणून शिंप्याच्या चष्म्याची काच ती उगाच पुसत होती. त्या काचेची कडा अजून घासायची होती. शिंप्याला मात्र केव्हाच 'परवा या' म्हणून सांगून झालं होतं.

हे 'परवा या' म्हणजे तिच्या संसारातलं सगळ्यात मोठं दुखणं. यांनी नंबर काढायचा, गोड बोलायचं आणि गिऱ्हाइकानं 'झालं का?' विचारलं की 'परवा या' म्हणायचं. काच अर्धी झालेली असो, यायची असो, की ऑर्डर द्यायलाच विसरलेले असोत. नाही म्हणायला नको आणि हो म्हणायला नको. मग परवा तो माणूस येऊन काउंटरवर हात आपटायचा, आणि आत यंत्रापाशी घाम कुणाला फुटायचा? हिला. तिनं हजारदा डोकं फोडलं, पण या माणसाच्या तोंडातला परवा काही जाईना.

"मला एक सांग," भाऊजी खुर्चीकडे वळले. "तुझी ती प्रयोगशाळा, यंत्रंबिंत्रं, त्यांची किंमत काय असते?"

"माझी प्रयोगशाळा नसते, काका. मी थिअरीवाली. लेसर लावणारे वेगळे. मी फक्त गणित करते."

"म्हणजे कागद-पेन्सिल?"

"आणि कॉम्प्युटर."

तिथंच ती चुकली.

"मग घरी बसून कर ना!" वन्सं आणि भाऊजी एका सुरात म्हणाले. वाटणीनंतर त्या दोघांचं एकमत होण्याची ही पहिली वेळ. दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं, आणि भाऊजींनी बिस्किटांची बशी वन्संपुढे सरकवली.

"असं नाही होत, आत्या," ठकू म्हणाली. "फळा लागतो. आणि फळ्यासमोर भांडायला माणसं लागतात. मी काही मांडायचं, दुसऱ्यानं ते खोडायचं, असं चालतं ते."

"भांडायला माणसं कमी आहेत का इथं?" वन्सं म्हणाल्या. अर्ध्या शटरापलीकडे शिंपी खोकला.

इतका वेळ चष्मेवाले तक्त्याखाली गप्प बसले होते. आता त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हातात धरला आणि विचारलं, "ठकू, तू नक्की करतेस काय? अण्णांना सांगायचीस. मला कधी नाही सांगितलंस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"आज विचारतोय."

ठकूनं जरा विचार केला. "काही पदार्थ असे असतात बाबा, की त्यांच्या आत काय चाललंय ते कुठल्याच कॉम्प्युटरला काढता येत नाही. कण फार, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याशी काहीतरी चाललेलं."

"आपल्यासारखं," वन्सं म्हणाल्या.

"हो. मग दुसरी युक्ती करायची. लेसरचे किरण समोरासमोर सोडले की उजेडाची जाळी तयार होते, त्यात छोटे छोटे खळगे असतात. एकेका खळग्यात एकेक अणू बसवायचा, आणि सगळ्यांनी मिळून त्या पदार्थासारखं वागावं अशी व्यवस्था करायची. मग गणित सोडवत बसायचं नाही. नुसतं बघायचं."

"म्हणजे नाटक बसवायचं." शाळेत पंचवीस स्नेहसंमेलनं काढलेल्या बाई त्या. त्यांना लगेच कळलं.

"अगदी नाटक. त्यालाच क्वांटम सिम्युलेशन म्हणतात. पण नाटक बरोबर झालं की नाही हे कसं ओळखणार? मूळ उत्तर तर कुणालाच माहीत नाही. अणूंनी सांगितलेलं खरं की खोटं, ते ताडून कशाशी बघणार? ते माझं काम."

"एकच काच दोनदा दाखवायची," चष्मेवाले म्हणाले.

ठकू हसली. पुष्कळ दिवसांनी ती अशी हसलेली थोरलीला दिसली. "तेच बाबा. तिथूनच तर सुचलं मला."

हे घराण्याचं गुपित होतं, आणि त्यात गुपित म्हणण्यासारखं काही नव्हतं. तपासणीच्या खुर्चीत बसलेला माणूस खोटं बोलतो. वाईट मनानं नाही, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. 'आता दिसतंय ना?' असं विचारलं की बिचारा 'हो' म्हणतो आणि घरी जाऊन उंबऱ्याला ठेचकाळतो. म्हणून अण्णांचा दंडक होता, 'दिसतंय ना' असं विचारायचंच नाही. काच काढायची, तीच पुन्हा घालायची आणि विचारायचं, पहिली बरी की दुसरी? 'दुसरी' म्हणाला तर समजायचं, हा आपल्याला खूश करतोय, याचं आजचं कुठलंच उत्तर धरायचं नाही. 'दोन्ही सारख्याच' म्हणाला तर खरा.

"अणूंना मी हेच करते," ठकू सांगत होती. "तोच प्रश्न वेगळ्या वाटेनं दुसऱ्यांदा विचारायचा. कुठल्या वाटेनं, ते गणितानं काढायचं. आणि मला ज्यांनी बोलावलंय त्या बाईंच्या गटात थिअरीवाले आणि लेसरवाले एकाच मजल्यावर बसतात. सकाळी फळ्यावर मांडलं तर आठवड्यानं खऱ्या अणूंवर लावून बघता येतं. असं सगळीकडे नसतं, काका. फार थोड्या ठिकाणी असतं."

ती खुर्चीत ताठ बसली होती. हात हलवून बोलत होती. इतके महिने ही मुलगी या घरात पाठ वाकवून वावरत होती, हे थोरलीच्या आत्ता लक्षात आलं. लक्षात आलं आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

"छान आहे," भाऊजी म्हणाले. "मला अभिमान आहे. पण आता हे उगाळायचं कशाला? ठकू पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे शोरूमला येतेय. दादाचं हे दुकान त्यात घ्यायचं, पाटीवर तिचं डॉक्टर लिहायचं. ती मला हो म्हणालीय."

"काय?" वन्संनी बिस्किट खाली ठेवलं. "तुला हो म्हणाली? अरे, ती मला हो म्हणालीय. कॉलेजात शिकवणार आहे ती. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. माझं प्राचार्यांशी बोलणं झालंय."

"मी विचार करते म्हणाले होते," ठकू पुटपुटली.

"'हो आत्या' म्हणालीस. या कानांनी ऐकलंय मी."

"मला तर मान हलवून हो म्हणाली. मी पाटीचं काम दिलंय!" भाऊजी म्हणाले. मघाची बिस्किटांची बशी त्यांनी परत आपल्याकडे ओढून घेतली.

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुला काय म्हणाली?"

थोरलीनं काच पुसायची थांबवली. मागच्या आठवड्यात ती आणि ठकू कारखान्यात शेजारी शेजारी काम करत होत्या. पाण्याची धार चालू होती. तिनं मान वर न करता विचारलं होतं, 'आता इथंच राहशील ना गं?' आणि ठकू म्हणाली होती, 'राहीन की, आई.' त्या रात्री थोरलीला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली होती. हात थरथरणारा नवरा, रिकामं घर आणि मागच्या खोलीत एकटंच घरघरणारं यंत्र, या सगळ्याची भीती त्या एका वाक्यानं गेली होती.

"राहीन म्हणाली," तिनं सांगितलं.

"आणि त्या गटातल्या बाईंना?" वन्संनी खुर्चीकडे बघून विचारलं.

ठकूची मान खाली गेली. "हो म्हटलं होतं. बोलण्यात. पक्कं आज सांगायचं होतं."

"वा!" वन्सं म्हणाल्या. "अणू खरं बोलतात का हे शोधायला हिला दोन वर्षं पाहिजेत, आणि स्वतः चौघांना चार हो देऊन बसलीय!"

"तुम्ही सगळे विचारता तरी कसं?" ठकूचा आवाज चढला. "येशील ना? करशील ना? राहशील ना? अण्णा ओरडले असते तुम्हाला. असं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं माणसानं? आणि त्या बाई आज सकाळी फोन करणार होत्या, त्यांचाही पत्ता नाही. संध्याकाळपर्यंत नाही सांगितलं तर त्या दुसऱ्या उमेदवाराला घेणार आहेत. तो तयारच बसलाय."

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. लग्नाच्या इतक्या वर्षांत थोरलीनं हे खाकरणं चांगलं ओळखीचं करून घेतलं होतं. असं खाकरले की समजावं, फ्रेम तुटलेली आहे आणि गिऱ्हाईक दारात आहे.

"आला होता," ते म्हणाले.

"काय आला होता?"

"फोन. तुझा मोबाइल काउंटरवर चार्जिंगला होता. तू आंघोळीला गेली होतीस. मी उचलला. एक बाई होत्या. चांगल्या बोलल्या. तिचं नक्की झालं का, असं विचारत होत्या."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, परवा."

बाहेर शिंप्याची कात्रीसुद्धा थांबली.

"बाबा!"

"अहो, परवा काय? परवा काय!" थोरली उठून उभी राहिली. "ती काय वाचायची काच आहे? मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुम्ही परवा या म्हणून सांगता?"

"तोंडात बसलंय," चष्मेवाले म्हणाले. "कुणी 'झालं का' विचारलं की आपोआप निघतं."

"त्या काय म्हणाल्या?"

"'बरं' म्हणाल्या. जरा तुटक म्हणाल्या."

आता मात्र बैठकीनं रंग बदलला. भाऊजी उसळून म्हणाले, "याच परव्यापायी तुझी निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, दादा! मला सांगतात ना ती." वन्सं त्यांच्याही वर. "अरे, नाही म्हणायचं तर तिनं म्हणावं. तू कोण परस्पर सांगणारा?"

"ताई, तुला तर ती इथंच हवी होती," भाऊजी म्हणाले. "मग झालं की तुझ्या मनासारखं."

"गप बस! इथं हवी म्हणून तिची मिळालेली जागा अशी घालवायची? माझ्या शाळेतल्या पोरीची जागा कुणी अशी घालवली असती तर त्याच्या घरी गेले असते मी." त्या ठकूकडे वळल्या. "ठकू, तू जायचंस. कॉलेज खड्ड्यात गेलं."

"आणि माझी पाटी?"

"पाटीवर स्वतःचं नाव घाल. डॉक्टर लाव हवं तर पुढं."

या गदारोळात चष्मेवाले हळूच बोलले, म्हणून ते फक्त थोरलीला ऐकू आलं.

"मी अगदीच खोटं नाही बोललो," ते म्हणाले. "महिनाभर बघतोय मी तिला. जो विचारेल त्याला हो. असं गिऱ्हाईक असलं की मी नंबर देत नाही. परत बोलावतो. काच तयार नव्हती, म्हणून परवा म्हटलं."

थोरलीला त्या क्षणी या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. एवढं दिसत होतं तर महिनाभर तोंड शिवलं होतं का? आणि बोलला तर कुणाशी, मुलीशी नाही, बायकोशी नाही, फोनवरच्या परक्या बाईशी! पण चीड आली तरी त्याचं म्हणणं खोटं ठरेना. त्याला दिसलं होतं. तिला दिसलं नव्हतं. तिला ऐकायचं होतं ते उत्तर मिळालं होतं आणि ती गाढ झोपली होती.

"आण तो फोन," भाऊजी म्हणत होते. "मी बोलतो बाईंशी. लोकांना पटवायचं कसं ते मला कळतं."

"तू नको. तू त्यांना चष्मा विकशील. मी बोलते."

"आधी ती काय म्हणते ते तर बघा! ठकू, राहणार ना तू? बापाचा हात बघ," भाऊजी म्हणाले.

"जाणार ना गं तू? घाबरू नकोस, सांग."

ठकू एकदा काकांकडे बघत होती, एकदा आत्याकडे. तिच्या डोळ्यांवर तपासणीचा दिवा होता. थोरलीला तिचे ओठ हलताना दिसले. एक 'हो' तयार होत होता. कुणासाठी ते अजून ठरलं नव्हतं; जो शेवटचा विचारेल त्याला तो मिळणार होता. थोरलीला हे तोंड ओळखीचं वाटलं. त्या खुर्चीत हे तोंड घेऊन ती स्वतः बसली होती.

"उठा," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही.

"उठा म्हणते ना! वन्सं, तुम्ही पण. भाऊजी, ती बशी ठेवा खाली. चला, आत चला कारखान्यात."

"आत? आत कुठं जागा आहे, वहिनी?"

"नसू दे. आयुष्य काढलंय मी त्या जागेत, तुम्हाला घटकाभर काय होतंय? अहो, तुम्हाला वेगळं सांगू का?"

या घरात थोरलीचा आवाज असा कधी लागलेला नव्हता, त्यामुळे सगळे उठले. तिनं एकेकाला दारातून आत घातलं. मग काउंटरवरचा मोबाइल आणून ठकूच्या हातात दिला आणि तिच्या डोळ्यांवरचा दिवा बंद केला.

"तूच लाव. तूच बोल. काय बोलायचं ते आम्हाला ऐकायचं नाही."

"आई," ठकूनं तिचा हात धरला. "तुला काय वाटतं?"

फार सोपं होतं. एवढंच म्हणायचं होतं, 'राहा गं.' तेवढंही नको, नुसते डोळे भरून आले असते तरी पुरलं असतं. मुलगी राहिली असती. नक्की राहिली असती, आणि तिच्या शेजारी बसून वाकल्या पाठीनं काचा पुसत राहिली असती. थोरलीनं ओठ घट्ट मिटले आणि हात सोडवून घेतला.

"मला शिंप्याची काच घासायचीय," ती म्हणाली. आत गेली, दार लावून घेतलं आणि यंत्र सुरू केलं.

कारखाना म्हणजे एका माणसाची खोली. त्यात चौघं. वन्सं फ्रेमांच्या खोक्यावर टेकल्या, भाऊजी भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटले आणि यंत्रातून उडणारं पांढरं पाणी त्यांच्या शर्टावर बसायला लागलं.

"वहिनी, अहो, शर्ट!"

"ऐकू येत नाही!" थोरली ओरडली.

वन्संनी दाराला कान लावला. थोरलीनं यंत्राचा वेग वाढवला. तिनं शिंप्याची काच धरली होती, कडा फिरत होती, काच फ्रेमच्या मापाला आली. एरवी ती इथं थांबली असती. पण दार अजून बंद होतं, आणि यंत्र थांबलं असतं तर पलीकडचं बोलणं ऐकू आलं असतं. तिनं काच तशीच दाबून धरली. काच मापाखाली गेली. लहान मुलाच्या चष्म्याला बसेल एवढी झाली. तेवढीही राहिली नाही.

"अगं, वाया गेली ती," चष्मेवाले तिच्या कानाशी म्हणाले.

"जाऊ दे."

"ती हो म्हणेल की नाही म्हणेल?"

"अहो, तुम्ही जरा गप्प बसता का? जन्मात एकदा तरी?"

तिचे हात स्थिर होते. त्यांना सवय होती. पण ती मनातल्या मनात एकच प्रार्थना दोन्ही बाजूंनी करत होती. मुलगी जाऊ दे म्हणत होती आणि त्याच दमात राहू दे म्हणत होती. काच बटणाएवढी झाली तेव्हा दार उघडलं. दारात ठकू उभी होती. तिचे ओठ हलत होते.

थोरलीनं यंत्र बंद केलं.

"काय म्हणालीस?"

"काका, मी शोरूमला येणार नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं," ठकू म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण वाक्य तुटलं नाही. "आत्या, कॉलेजला पण नाही. बाबा, तुमचा हात बघून मला फार वाईट वाटतं, पण दुकानातही नाही." मग ती आईकडे वळली. इथं तिला श्वास घ्यावा लागला. "आई, मी तुला राहीन म्हणाले होते. नाही राहणार मी. मला जायचंय."

थोरलीला लागलं. चांगलंच लागलं, आणि ते तिनं लपवलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं येऊ दिलं. पण मुलीच्या तोंडून 'नाही' ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि मागच्या आठवड्यातल्या 'राहीन'वर बसला नव्हता तेवढा विश्वास या 'नाही'वर बसला. हे उत्तर धरण्यासारखं होतं.

"त्यांनी घेतलं का पण?" वन्संनी विचारलं. "तो दुसरा होता ना?"

"बाई चिडल्या होत्या," ठकू म्हणाली आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "म्हणाल्या, हे बघा, तुमच्या घरून मला परवा म्हणून सांगण्यात आलंय. तेव्हा परवा इथं हजर व्हा. लेसरवाल्यांबरोबरची बैठक आहे. परवा आलात तर जागा तुमची, नाहीतर मी त्याला फोन करते."

"बघा!" चष्मेवाले म्हणाले. इतका विजयी चेहरा त्यांनी आयुष्यात केला नसेल.

"काय बघा? काय बघा!" थोरली म्हणाली. "कपडे वाळलेले नाहीत तिचे. पेटी माळ्यावर आहे. एवढ्या लांब एकटी जाणार आहे का ती? वन्सं, हसताय काय, वर चला. भाऊजी, तुमची गाडी लागेल. नाही म्हणू नका, आणि हो पण म्हणू नका, नुसती आणा."

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून शिंप्यानं डोकं आत घातलं. इतकं ऐकून त्याला राहवलं नसावं, पण आत यायला निमित्त हवं म्हणून त्यानं विचारलं, "माझा चष्मा झाला का हो?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. थोरलीनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि ती बटणाएवढी काच शिंप्यापुढे धरली.

"नाही झाला," ती म्हणाली. "काच बिघडली माझ्या हातून. नवी मागवते. आणि परवा येऊ नका. परवा दुकान बंद आहे, आम्ही मुलीला पोचवायला चाललोय."